उलटा काटा

कवळीवाल्याला शांत माणूस म्हणणारे लोक दोनच प्रकारचे होते. एक, ज्यांनी त्याला फक्त कामावर पाहिलं होतं. आणि दुसरे, ज्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं की याचा राग नाकाच्या शेंड्यावर नसतो, थेट मनगटात असतो. जीभ हलायच्या आधी हात हलायचा. तरुणपणी त्याने एका रिक्षावाल्याचा आरसा फोडला होता, एका शिक्षकाचा चष्मा, आणि स्वतःच्या धाकट्या भावाचे समोरचे चार दात.

तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या चिंचोळ्या खोलीत कवळ्या बनवायचा. खोलीत प्लॅस्टरची पोती, मेणाच्या वड्या, एक बर्नर आणि भिंतीवरच्या फळीवर दीडशे अनोळखी माणसांचे जबडे, सगळे आ वासून बसलेले. दवाखान्यातून जबड्याचं माप यायचं, सोबत फक्त नंबराची चिठ्ठी. तो त्यात प्लॅस्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा, गुलाबी मसाल्याच्या हिरड्या करायचा. हात असा हलका की बाई म्हणायच्या, हा माणूस चिडतो हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. बाईंना मनगटाचा अनुभव नव्हता, एवढंच.

मासेमारीचं वेडही त्याला बाईंमुळेच लागलं. बाई एकदा लांबच्या सहलीवरून नवीकोरी काठी, रीळ आणि पिसांच्या गळांचा डबा घेऊन आल्या, आणि सामान उचलायला याला घेऊन समुद्रावर गेल्या. ही मासेमारी नेहमीची नव्हे. नेहमीच्या गळाला शिसं बांधतात आणि ते वजन फेकतात. इथे गळाला नुसती पिसं आणि केस बांधून बोटभर लांबीची खोटी मासोळी केलेली असते. पुस्तकात तिला माशी म्हणतात, आणि तिला वजनच नसतं. म्हणून फेकायची असते ती जाड दोरी. आधी ती डोक्यावरून मागे फेकायची, मागे ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे. बाई थांबल्या नाहीत. दुसऱ्याच फेकीला गळ त्यांच्या स्वतःच्या कानाच्या पाळीत घुसला.

गळाच्या टोकाजवळ एक बारीक उलटा काटा असतो. तो आत जातो, मागे येत नाही. ओढाल तर मांस घेऊनच येईल. कवळीवाल्याने बाईंना खडकावर बसवलं, गळ मागे ओढण्याऐवजी पुढेच दाबला, टोक कातडीतून पलीकडे काढलं, तार कापायच्या पक्कडीने उलटा काटा तोडला आणि उरलेला गळ अलगद मागे घेतला. बाईंच्या पांढऱ्या कपड्यांवर कॉलरपासून कंबरेपर्यंत रक्त आलं, पण त्या ओरडल्या नाहीत. वीस वर्षं लोकांच्या तोंडात सुया खुपसल्याची शिक्षा झाली, म्हणाल्या, आणि काठी तिथल्या तिथे याला देऊन टाकली.

झालं. त्या दिवसापासून साडेतीन वर्षं या माणसाचा रविवार घरच्यांच्या वाट्याला आला नाही. शाळेच्या रिकाम्या मैदानात गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून तो दोरी फेकायचा, तेव्हा पोरं कुंपणाला टेकून खिदळायची. उशीतली पिसं कमी झाली. बायकोच्या कंगव्यातले केस तो चिमटीने गोळा करायचा. शेजारच्या कुत्र्याच्या शेपटीचा झुपका कुठे गेला, याचा शेजाऱ्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. खोट्या मासोळीचं डोकं तो हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याचं करायचा आणि ते तसंच पॉलिश करायचा, जसं म्हातारीच्या कवळीला. बायको म्हणायची, माशांनाही आता कवळ्या बसवा.

पण त्याला सापडलं होतं ते वेगळंच. रागात ही दोरी फेकता येत नाही. मनगटाने घाई केली की दोरी डोक्यावर गुंता होऊन पडते. मागे ती सरळ होईपर्यंत थांबावंच लागतं, आणि ते थांबणं त्याला आयुष्यात कुणी शिकवलेलं नव्हतं. बापाने तर नाहीच. बापाच्या हातात पट्टा असायचा. रविवारी दुपारी तो घरी यायचा तेव्हा बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघून ताट वाढायची, आणि त्या ताटाला कधी हात लागून ते भिंतीवर गेलं नाही.

समुद्र काही शांत नव्हता, हे मात्र सांगायला हवं. भरतीच्या वेळी खडकापाशी बारक्या मासोळ्यांचे थवे यायचे आणि त्यांच्यामागे लांब जबड्याचे मोठे मासे. कवळीवाला त्यांना करवत्या म्हणायचा. करवत्या थव्यात घुसला की मासोळ्या अर्ध्या-अर्ध्या तुटून वर यायच्या, पाणी लालसर व्हायचं आणि वरून पक्षी ते तुकडे ओरबाडायचे. ते दात पाहून याच्यातला कारागीर हरखून जायचा. साधी दोरी त्या दातांपुढे टिकत नाही म्हणून तो गळाच्या वर दात सरळ करायची तार बांधायचा. एकदा करवत्या पळाला तेव्हा दोरीने त्याची तर्जनी हाडापर्यंत चिरली होती. बहुतेक मासे तो सोडून द्यायचा. घरी न्यायचा असेल त्याला प्लॅस्टर फोडायच्या लाकडी हातोडीचा डोळ्यांमागे एकच फटका. दुसरा लागला तर त्याला दिवसभर स्वतःची लाज वाटायची.

आणि एक नियम होता. गळ बांधण्याआधी उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा. मग गळ शर्टाच्या बाहीवर ओढून बघायचा; कापड अडकलं तर काटा राहिला आहे. काटा दाबला की मासा इजा न होता सुटतो आणि माणसाला लागला तर गळ सहज निघतो. दुसरा नियम घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. याच्या मागून जायचं नाही. जायचंच तर लांबूनच हाक मारायची.

आता ते चार दात.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाप जाऊन वर्ष झालं होतं. खाली बापाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर घर, मध्ये अरुंद जिना. हा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास होऊन आला आणि धाकटा जिन्यात, दोन गिऱ्हाइकांसमोर, हसला. तेवढंच. याच्या हातात शटर ओढायची लोखंडी सळई होती. धाकट्याचे दात पायऱ्यांवर पडले, एक तर थेट खाली दुकानात गेला. धाकटा तोंड धरून बसला तरी याने आणखी दोनदा सळई उचलली. तिसरा फटका कठड्यावर बसला म्हणून ती वाकली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, पोलिसांना कळवायचं का, तेव्हा तोंडात कापूस कोंबलेला धाकटा म्हणाला, जिन्यावरून पडलो.

आई वरच्या पायरीवर उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. संध्याकाळी तिने थोरल्याचे कपडे एका पोत्यात भरून दाराबाहेर ठेवले आणि सांगितलं, "ज्याचे दात पाडलेस, तो स्वतः तुला बोलवायला येईल. त्या दिवशी या घरात पाय ठेव. त्याआधी नाही."

धाकटा आला नाही. भांडलाही नाही, त्याने हा माणूस आपल्या आयुष्यातून खोडून टाकला. रस्त्यात दिसला तर पलीकडे जायचा. आईच अधूनमधून जिना उतरून थोरल्याकडे यायची, नातीला मांडीवर घ्यायची. पण गेली सहा वर्षं तिचे गुडघे गेले होते आणि नजर पार मंदावली होती. जिना तिला उतरवेना, आणि याला चढता येईना. रोज कामावरून येताना तो समोरच्या फुटपाथवर घटकाभर थांबायचा. वरच्या खिडकीत आईची खुर्ची दिसायची. आईला तो दिसायचा नाही.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. अठरा वर्षांपूर्वी एक माप आलं. वर समोरचे चार दात नाहीत, डावा सुळा वाकडा. त्याने प्लॅस्टर ओतलं, जबडा हातात घेतला आणि शर्टाची बाही वर केली. दंडावर लहानपणीच्या चाव्याचा वण होता. धाकट्याने तेराव्या वर्षी रक्त निघेपर्यंत दातांत धरून ठेवलं होतं. त्याने प्लॅस्टरचा सुळा त्या वणावर टेकवला. बरोबर बसला. त्या दिवशी तो दार लावून रडला, आणि मग चार दातांची अशी पट्टी केली की बाई बघत राहिल्या. तेव्हापासून आणखी दोनदा ते माप आलं. दर वेळी त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

मग एका रविवारी एक प्रचंड करवत्या त्याच्या गळाला लागला. पाऊण तास झुंजला. अगदी पायाशी आला, त्याने कल्ल्याकडे हात घातला, आणि माशाने एक हिसडा दिला. काटा दाबलेला गळ सुटला. साडेतीन वर्षांचं सगळं शहाणपण त्या एका क्षणात समुद्रात गेलं. त्याने थर्मास खडकावर आपटून चुरा केला, मग खडकालाच बुक्क्या मारल्या. आठवडाभर बोटांची पेरं सुजलेली होती, आणि एका आजोबांच्या कवळीचे दात तिरके बसले ते वेगळंच. शनिवारी त्याने नवी मासोळी बांधली, गुलाबी डोक्याची, मोठ्या गळावर. बाहीवर ओढून पाहिली. कापड अडकलं. त्याने कापड सोडवलं आणि गळ तसाच डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी भरती चढत होती. वारा समुद्रावरून येत होता, कानात नुसता घोंगावत होता. करवत्यांनी थव्यावर हल्ला चढवलेला. खडकापासून वीस हातांवर पाणी उकळत होतं, तुटलेल्या मासोळ्यांची डोकी लाटांबरोबर त्याच्या गुडघ्यांना लागत होती. त्यात ती प्रचंड पाठ एकदा वर आली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. दोरी मागे टाकली.

दोरी मागेच अडली. तिथे एक झुडूप होतं, त्यात अडकली असणार. थांबून, वळून, सोडवून घ्यायला हवी होती. पण ती पाठ पुन्हा वर आली, आणि त्याने दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाच्या जोराने, दोरी ओढली.

मागून जो आवाज आला तो झुडपाचा नव्हता.

दहा पावलांवर धाकटा उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात काळे बूट, आणि उजव्या गालात ती गुलाबी डोक्याची मासोळी. गळ गालातून आत शिरून टोक तोंडात निघालं होतं. ओठ एका बाजूला ओढला गेला होता, हनुवटीवरून रक्ताची धार लागली होती. चार दातांची पट्टी उडून खडकावर पडली होती. चोवीस वर्षांनी थोरल्याने त्याचं ते रिकामं तोंड पाहिलं, अगदी त्या दिवशीसारखं.

काठी फेकून तो धावला. धाकटा का आला असेल हे त्याला पहिल्याच पावलाला कळलं होतं. दुसरं कारणच नव्हतं.

जवळ पोचताच धाकट्याने थोरल्याच्या कंबरेची हातोडी उपसली आणि तोंडावर हाणली. पहिल्या फटक्याला ओठ फाटला. दुसऱ्याला दात गेले. ते जिभेवर आलेले त्याला कळले, मोजायची गरज नव्हती, आयुष्य दातांतच गेलेलं. तो गुडघ्यांवर पडला. पुढचा फटका खांद्यावर, मग कानामागे. धाकट्याच्या घशातून घरघर येत होती. आणि थोरल्याची उजवी मूठ आपोआप वळली. धाकट्याचा गळा हातभरावर होता. या मनगटाने आयुष्यात कधी फटका खाऊन उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं.

त्याने ती मूठ उघडली आणि खाली खडक धरला. दोन्ही हातांनी. खडकावर शिंपल्यांची धारदार पुटं होती, ती तळव्यांत शिरली. हात उठला तर संपलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आईची खुर्ची, ती खिडकी, सगळं संपलं. तो खडक दाबत राहिला आणि मार खात राहिला.

धाकटा थांबला तो दयेने नव्हे. दोरीचा वेढा त्याच्या दंडाला पडला होता. प्रत्येक फटक्यासरशी गळ त्याच्याच गालात आणखी फाडत होता. सातव्या-आठव्या फटक्याला तो स्वतःच किंचाळला, हातोडी सोडली आणि मटकन खाली बसला.

समोर करवत्यांचं कापणं चालूच होतं.

"तोंड उघड," थोरला म्हणाला. तुटक्या दातांतून शब्द नीट येत नव्हते, पण सूर कामावरचा होता. धाकट्याने तोंड उघडलं. याने गाल चिमटीत धरला, काटा दाबला असता तर एका क्षणात सुटलं असतं हे मनात आलं, आणि गळ आणखी पुढे रेटला. धाकट्याने त्याच्या दंडात नखं रोवली, बरोबर त्या जुन्या वणावर. टोक काट्यासकट तोंडात आलं. पक्कडीने उलटा काटा तोडला. गळ मागे घेतला. स्वतःचा शर्ट फाडून गालाला बोळा लावला.

मग त्याने पट्टी शोधून आणली, डबक्यात धुतली, पालथी करून पाहिली. मोडली नव्हती.

"तूच करतोस ना हे," धाकटा म्हणाला.

थोरल्याने मान हलवली.

"बाईंच्या पोटात काही राहत नाही. पहिल्यापासून माहीत आहे." त्याने रक्त थुंकलं. "डावीकडे टोचते. सहा वर्षं झाली."

"सांगायचंस."

"कुणाला?"

थोरल्याने गळांच्या डब्यातल्या कानशीने पट्टीची डावी कड दोन-तीनदा घासली, बोटाने चाचपली आणि त्याच्या हातात दिली.

मग धाकट्याने अडखळत सांगितलं. आईने आठवडाभर अन्न घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. काल ती म्हणाली, मी जाईन, आणि तो खालीच उभा राहील फुटपाथवर. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. म्हणून तो सकाळी थोरल्याच्या घरी गेला होता. वहिनीने बजावलंही होतं की मागून जाऊ नका, लांबूनच हाक मारा.

"मग मारली का नाहीस?"

धाकट्याने समुद्राकडे पाहिलं. "तोंडात येईना," तो म्हणाला. "चोवीस वर्षं म्हटलंच नव्हतं. तिथे उभा राहून दोनदा तोंड उघडलं."

उठताना त्याने खडकावरचे थोरल्याचे तीन दात वेचले आणि रक्ताळलेल्या शर्टाच्या खिशात टाकले. आईला दाखवतो, म्हणाला. बघू दे तिलाही.

इस्पितळात एकाच्या गालाला चार टाके पडले, दुसऱ्याच्या ओठाला तीन. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा दोघं मूग गिळून बसले. तिथून थेट त्या जिन्यापाशी आले. कठड्यावर एक खोल खाच अजून होती. थोरला वर चढला आणि दारात थांबला. पाय आत पडेना.

"आई," धाकटा म्हणाला, "मी बोलवून आणलाय."

खुर्चीतल्या म्हातारीने मान वळवली. हात पुढे केला आणि तसाच ठेवला. थोरल्याने उंबरा ओलांडला, खुर्चीपाशी गुडघे टेकले. तिने त्याचं डोकं चाचपलं, विरळ झालेले केस, कान, मग बोटं तोंडावर आली. सुजलेला ओठ, टाके, आणि आत ती रिकामी जागा. बोटं तिथेच थांबली. मागे धाकट्याचा हात खिशात गेला होता.

"हे काय झालं रे?" तिने विचारलं.

"पडलो," थोरला म्हणाला. "खडकावरून."

धाकट्याचा हात खिशात तसाच राहिला. तिने दुसरा हात हवेत पुढे केला, तेव्हा धाकटाही वाकला आणि तिच्या हाताला त्याच्या गालावरची मलमपट्टी लागली. दोन हात दोन तोंडांवर ठेवून ती थोडा वेळ बसली.

"खोटारडे," ती म्हणाली. "कुठल्या जिन्यावरून पडलात?"

धाकट्याला हसू आलं, आणि त्याचा एक टाका उसवला.